सहावी प्रतिक्रिया

"मला अक्षत निगुडकरांना भेटायचंय."

शनिवारची दुपार. देवासला सयाजी द्वाराजवळच्या आमच्या पेपरच्या ऑफिसात मी एकटीच कचोरी खात बसले होते. समोर एक उंच, बसच्या प्रवासाने चुरगळलेला मुलगा उभा होता. डोळे मात्र छान होते, तेवढं मी बघून घेतलं.

"ते इथे नसतात," मी म्हटलं. "धारला राहतात."

"माहितीये. मी पण तिथेच राहतो. त्याच घरात... त्याच नावाने."

कचोरी हातातच राहिली.

झालं असं होतं. बुधवारी टीव्हीवर पॉप संगीताच्या पुरस्कारांचा सोहळा झाला. 'प्रेक्षक काय म्हणतात' हे सदर माझं. त्यात सहा चौकोन असतात आणि सहाही भरावे लागतात. पाच मी इमानदारीत भरले. आमच्या कॉलनीतले दत्तोपंत म्हणाले, हे गाणं आहे की मिक्सर? कॉलेजातली आरोही आवडता गायक हरला म्हणून रडली आणि रडतानाचा फोटोही छापा म्हणाली. बाकी तिघं सूत्रसंचालकाच्या कोटावर बोलले. सहावा चौकोन धारचा हवा होता, आणि धारमध्ये माझ्या ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं. मग मी आडनाव शाळेतल्या जुन्या बाईंचं घेतलं, नाव मला आवडतं ते लावलं आणि लिहून टाकलं – 'ते गाणं जिंकलं त्या क्षणी मी शेजारी बसलेल्या तिचा हात पहिल्यांदा धरला. – अक्षत निगुडकर, धार.'

आम्ही देवासचे कारखान्यावाले. बाबा नोकरीसाठी सांगलीहून आले. आमच्या कॉलनीत तीन कुलकर्णी आणि चार पाटील आहेत, कोण कुणाबद्दल काय लिहितं कुणाला पत्ता नसतो. धारच्या जुन्या मराठी घरांचं तसं नाही, हे मला कुठे माहीत! तिथे निगुडकर म्हणजे एकच घर. आणि त्या घरात अक्षतही एकच.

"मी गंधवानीला शिक्षक आहे," तो म्हणाला. "आठवडाभर तिथेच असतो. खोलीत टीव्हीच नाही माझ्या. काल संध्याकाळी घरी आलो, तर आई बोलेचना. ती कोण, कुठली, माझ्यापासून लपवलीस का... एवढंच बोलली, मग तेही बंद."

"मग सांगा ना, खोटं आहे म्हणून."

"सांगितलं. छापलंय म्हणजे खरंच असणार, म्हणे." तो टेबलाजवळ आला. "तुम्ही येऊन सांगाल?"

खरं तर मी माझ्या नोकरीचा विचार करत होते. पुढच्या महिन्यात मी तिथे पक्की होणार होते. मनाने प्रतिक्रिया लिहिते हे कळलं, तर आमचे संपादक मारुती भिया मला दारातूनच परत पाठवतील.

"खुलासा छापू नका हवं तर," तो हळूच म्हणाला. "नोकरी जाईल तुमची. फक्त आईला सांगा."

जो माणूस भांडायला आला होता, तो माझ्या नोकरीची काळजी करत होता. मला तो तिथेच आवडला. सांगूनच टाकते, उगाच आडपडदा कशाला.

रविवारी इंदूरला बस बदलून मी धारला निघाले. तो इंदूरपर्यंत घ्यायला आला होता. म्हणे, घर सापडणार नाही तुम्हाला.

"एकच घर आहे ना निगुडकरांचं? कुणीही सांगेल की."

"हो... पण मग मला यायला कारण काय उरलं असतं?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर सोयाबीनशिवाय काही नव्हतं. तरी बराच वेळ बघितलं.

दार त्याच्या आईने, सुनेत्राकाकूंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"ये गं, ये! अशी टीव्हीपुढेच बस. आज तोच कार्यक्रम परत दाखवणार आहेत. खोबऱ्याच्या वड्या केल्यात."

"काकू," मी उभ्याउभ्याच म्हटलं, "ते मी लिहिलं होतं. मनाने. अक्षतने काही बघितलं नाही, कुणाचा हात धरला नाही. मुलगीच नाहीये हो कुणी. माझं चुकलं."

काकू खुर्चीत बसल्या.

"नाहीच?"

"नाही."

"आणि मी शेजारच्या प्रमोदिनीला सांगून बसले, मुलगी गोड आहे म्हणून!"

"आई, तू तर रागावली होतीस ना?" अक्षत म्हणाला.

"तुझ्यावर रे! तिच्यावर कशाला रागावू?" काकूंनी वड्यांची ताटली माझ्या हातात दिली आणि मला नीट निरखून बघितलं. "लागलाय बघा तुमचा कार्यक्रम. मी चहा टाकते. मला वेळ लागेल."

टीव्हीवर दिवे, धूर आणि किंचाळणं. आमच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. पाच मिनिटांनी ती रिकामी नव्हती. तो सरकला होता.

"ते गाणं हेच का?" त्याने विचारलं.

"हेच."

"आणि हात... गाण्यात धरला होता की जिंकल्यावर?"

"जिंकल्यावर. नीट वाचलं नाही वाटतं तुम्ही?"

"तीस वेळा वाचलंय. अजून किती वेळ आहे?"

"एक जाहिरात."

"फार होतोय," तो म्हणाला.

सोमवारी मी मारुती भियांना सगळं खरं सांगितलं. खुलासाही मीच लिहून नेला होता. ते तापले, चष्मा आपटला, "क्या यार किमया, तू भी!" म्हणाले. नोकरी राहिली, पण पक्कं होणं वर्षभर पुढे गेलं आणि सदर काढून घेतलं. आता मी मंडीतले सोयाबीनचे भाव लिहिते. ते मनाने लिहिता येत नाहीत.

त्या सोमवारीच भियांनी माझा खुलासा मोठ्याने वाचला. 'धारचे अक्षत निगुडकर यांनी बुधवारी कुणाचाही हात धरला नव्हता. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

"यातलं 'बुधवारी' काढ," भिया म्हणाले. "सरळ लिही ना, कधीच धरला नाही म्हणून."

"नको भिया," मी म्हटलं. "परत खोटं छापलं जाईल."