रक्ताच्या फ्रिजचा भोंगा

ती पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली, तेव्हा तिला त्याचे फक्त बूट दिसत होते. बाकीचा माणूस जनरेटरखाली होता.

"तुम्ही जे कोणी असाल ते," ती बुटांना म्हणाली, "सकाळपासून माझ्या वॉर्डातली वीज सारखी जातेय. अर्धं ड्रेसिंग मी अंदाजाने केलंय. आणि माझ्या फ्रिजमध्ये रक्त आहे, सरबत नाही!"

बूट हलले नाहीत, त्यामुळे तिला आणखी जोर चढला. तिने वायरी, जनरेटर, इंजिनियर मंडळी आणि एकूण पुरुषजात यांचा एका दमात समाचार घेतला. श्वास घ्यायला थांबली, तेव्हा खालून आवाज आला.

"झालं? नाही… अजून असेल तर मी आतच थांबतो. इथे सावली आहे."

मग तो सरपटत बाहेर आला. नाकावर ग्रीस, हातात पाना, आणि चेहऱ्यावर असं हसू — की ते बघून कुणालाही राग यावा. तिलाही आला. पण जरा उशिरा आला, आणि त्या उशिराचा तिला वेगळा राग आला.

ती लष्करातली नर्स, हुद्द्याने कॅप्टन. दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या भांडणात शांतता राखायला गेलेल्या तुकडीबरोबर तिचं तंबूंचं इस्पितळ गेलं होतं. शांतता राखणाऱ्या त्या तळावर सगळ्यात मोठा आवाज तिचा. पाठीमागे सगळे तिला लवंगी म्हणत. तोही कॅप्टनच, तळाची वीज त्याच्या ताब्यात, किंवा तसं कागदोपत्री तरी.

तिचा दिवस म्हणजे धूळ. सकाळी धूळ पुसायची, ताप मोजायचे, धूळ पुसायची, जखमा धुवायच्या, पुन्हा धूळ. आणि या सगळ्यात फ्रिजचा भोंगा. रक्ताचा फ्रिज तापू लागला की तो कर्कश ओरडे. वीज गेली की ओरडे, कमी आली की ओरडे. मग ती असेल तिथून धावत सुटे आणि फ्रिजमध्ये बर्फाच्या पिशव्या रचे. झोप तिला तुकड्यातुकड्यांत मिळे, तीही उसवलेली.

तो रोज येऊ लागला.

"फ्रिज कालच बघून गेलात ना?"

"काल तो बरा होता. आज विचारपूस करावी म्हटलं."

"फ्रिजची?"

"येतो हो मुद्द्यावर… हळूहळू."

"हळूहळू तुमची वीज येते. तुम्ही लवकर निघा."

फोनवर आईने विचारलं, "आवाज का गं बसलाय?"

"ओरडून."

"कुणावर?"

"आहे एक."

"कसा आहे दिसायला?"

"आई, मी ओरडते त्याच्यावर!"

"मग? मी काय तुझ्या बाबांशी गाण्यात बोलते?"

पुढे तळाची पाहणी करायला बडे पाहुणे यायचे ठरले, आणि स्वागताच्या तंबूत एसी लावण्याचा हुकूम निघाला. जनरेटर तोच, भार नवा. ती तडक कमांडंटसमोर उभी राहिली.

"पाहुणे वितळणार नाहीत, सर. रक्त नासेल."

"थोडा वेळच आहे, सिस्टर," कमांडंट समजुतीने म्हणाले. समजूत ही त्यांची आवडती उपाययोजना होती. "तुमच्या फ्रिजला भोंगा आहे ना? वाजला की एसी बंद करू."

पाहुणे आले त्या दुपारी ती इतकी थकली होती की हातात ट्रे धरून उभ्याउभ्या पेंगत होती. त्याने तिच्या हातातून ट्रे काढून घेतला. "जा, पडा जरा. फ्रिजजवळ मी बसतो." ती नको म्हणण्याइतकीही जागी नव्हती.

ती वॉर्डामागच्या खाटेवर कोसळली. त्याने तिच्याकडे पाहिलं… आणि भोंग्याची वायर काढून टाकली. मी आहे ना बसलेला, मग हिची झोप कशाला मोडायची? प्रेमात पडलेला इंजिनियर याहून सुंदर आणि याहून मूर्ख काम करू शकत नाही. थोड्या वेळाने निरोप आला, एसी गार हवा देत नाही, ताबडतोब या. आत्ता येतो परत, असं स्वतःलाच सांगून तो गेला. पाहुण्यांच्या एसीने त्याला अडकवून ठेवलं.

तिला जाग आली ती आरडाओरड्याने. पाण्याचा टँकर उलटला होता, चालकाची मांडी चिरडली होती. सर्जन हात धूत ओरडले, "रक्त!" तिने फ्रिज उघडला. आतून कोमट हवा आली. पिशव्या हाताला ऊबदार लागल्या. भोंगा गप्प होता.

"तांत्रिक बिघाड," धावत आलेले कमांडंट घाईघाईने म्हणाले.

"नाही, सर," त्यांच्या मागून तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. "वायर मी काढली. सिस्टरना झोप मिळावी म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं; निदान सरळ तुच्छ तरी मानता आलं असतं.

"रक्तगट?" तिने विचारलं.

"ओ निगेटिव्ह. कुणालाही चालतो."

"तपासते आधी. बसा. बाही वर करा."

लाउडस्पीकरवर पुकारा झाला, आणि पाहुण्यांना सलामी द्यायला उभे असलेले जवान कडक इस्त्रीच्या बाह्या सरसावत तिच्या तंबूपुढे रांगेत आले. चाचणी जुळली. शीर शोधायला तिने त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच.

"रागाने टोचू नका," तो हळूच म्हणाला.

"टोचताना मी रागावत नाही. बाकी सगळा वेळ रागावते. मूठ मिटा!"

चालक वाचला. तो वाचला नसता तर ही गोष्ट कुणी सांगितलीच नसती.

पण तिचं ओरडणं थांबलं. तो समोर आला की ती बाजूने निघून जाई, शांतपणे. ती शांतता बघून अख्खा तळ हादरला. सर्जन स्वतःहून हात नीट धुऊ लागले. आचारी विचारू लागला, बाईंना बरं नाही का? आत मात्र तिचा राग रटरटत होता. त्याच्यावर होताच, पण तो तंबूत येत नाही म्हणून दिवस रिकामा वाटायचा, त्याचा जास्त होता.

मग एका सकाळी भोंगा वाजला.

ती धावली. फ्रिजपाशी पोहोचते तोच दुसऱ्या बाजूने तोही धापा टाकत आला. अर्धी दाढी साबणात, आणि एका पायात बूटच नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या तंबूतही एक भोंगा बसवलाय. याच्याच वायरीवर." त्याने घसा साफ केला. "तुमची झोप वाचवायला गेलो, ते चुकलं. मोडायचीच असेल तर… दोघांची मोडू दे."

तिने कमरेवर हात ठेवले.

"कुणाच्या परवानगीने?" ती कडाडली.

बाहेर कुणीतरी सुटकेचा श्वास टाकून म्हणालं, "चला, लवंगी बरी झाली!"

"परवानगी मागायलाच येणार होतो," तो म्हणाला. "फक्त भोंग्याची नाही."

"माझा राग गेलेला नाही. आणि तो लवकर जाणाऱ्यातलाही नाही."

"मी कुठे त्याला जा म्हणतोय?"

ती त्याच्या अनवाणी पायाकडे बघत राहिली.

"बूट घाला आधी. इथे जमिनीवर सुया पडतात."

"हे… हो समजू?"

"हे बूट घाला समजा." ती फ्रिजकडे वळली. कान मात्र लाल झाले होते. "…आणि हो पण."

तो तसाच उभा. भोंगा आता दोन्ही तंबूंतून बोंबलत होता.

"मग बघताय काय नुसते?" ती ओरडली. "बर्फ आणा!"

आणि तो एका बुटावर धावत सुटला.