बादली बाहेर ठेव

लाइट गेली ते एका परीनं बरंच झालं. मोबाइल खिशात घाला आणि जरा जवळ सरका. सांगतोय ती ऐकीव गोष्ट नाही. मल्हारी माझ्या साडूचा सख्खा भाऊ, खुटबावच्या शिवेवरच्या वस्तीवर राहतो, अजून चांगला धडधाकट आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन त्याचा हात बघा.

साल दोन हजार पाच. नोव्हेंबरची तीस तारीख, बुधवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. मल्हारी दुपारी पाटसकडं गेला होता, गायीसाठी वाढं आणायला. ऊसतोड जोरात होती, शेंड्यांचा हिरवा चारा फडावर पडलेला. त्यानं सायकलला दोन भारे बांधले. पात्यांनी हात चिरले, बोटांतून रक्त आलं, पण वाढं बांधणाऱ्याला त्याचं काय कौतुक? येताना बूथवरून त्यानं जनावरांच्या नव्या डॉक्टरांना फोन लावला. चंद्री, त्याची जर्सी गाय, सकाळपासून वैरणीला तोंड लावत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "सकाळी येतो."

रणपिसे डॉक्टर असते तर सकाळ उजाडू दिली नसती, असं मल्हारीच्या मनात आलं.

आता रणपिसे डॉक्टर कोण, ते तुम्हा पोरांना सांगायला पाहिजे. गुरांच्या दवाखान्यात अठरा वर्षं मी त्यांची बॅग उचलली. माणूस केंदूरचा. पहिल्या साली आमच्यातले काही शहाणे त्यांना वरून ओंजळीत पाणी घालायचे, तांब्याला हात लागू नये म्हणून. पुढं त्याच शहाण्यांच्या म्हशी अडल्या तेव्हा डॉक्टरांनीच खांद्यापर्यंत हात घालून वासरं काढली, चकार शब्द बोलले नाहीत. मला अजून राग येतो, त्यांना कधी आला नाही. गोठ्यात पाय ठेवला की त्यांचा पहिला शब्द ठरलेला असायचा, "आधी बादलीभर पाणी आन् साबण."

दोन हजार तीनला एका वस्तीवरून निरोप आला, गायीच्या घशात बटाटा अडकलाय. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला. बटाटा नव्हताच, गाय पिसाळलेली होती. त्या घरातल्या पोराबाळांना त्यांनी स्वतः नेऊन टोचून आणलं. स्वतःची दोन इंजेक्शनं झाली आणि तेवढ्यात लाळ-खुरकुताची साथ आली. मग काय, हा माणूस गावोगाव हिंडत राहिला आणि बाकीची राहून गेली. शेवटच्या दिवशी पाण्याचा पेला नुसता दिसला तरी त्यांचा घसा आवळायचा. मी होतो तिथं. त्यापुढचं मी कुणाला सांगत नाही.

तर त्या रात्री मल्हारी वस्तीवर एकटाच होता. बायको बानूबाई माहेरी गेलेली. पावणेबाराला चंद्री ओरडली. घोगरं, फाटलेलं ओरडणं. लाइट नव्हतीच. तो कंदील घेऊन गोठ्यात गेला. गायीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, तोंडातला घास तसाच बाहेर पडत होता. मल्हारीनं ताडलं, उसाचं टिपरू अडकलं घशात. आपल्यापैकी कुणीही हेच ताडलं असतं. दिवाळीच्या सुमारास एक लूत भरलेलं कुत्रं गोठ्यात शिरून चंद्रीच्या अंगावर गेलं होतं, ते त्याला आठवलंच नाही.

त्यानं बाही वर सारली. डाव्या हातानं जबडा उघडला. उजवा हात आत घालणार...

मनगट कुणीतरी धरलं.

गार हात. घट्ट.

"मल्हारी. हात घालू नको."

मल्हारीला वाटलं, नवे डॉक्टर आले. भला माणूस, सकाळ म्हणाला आन् रातीच आला.

"आलात व्हय सायेब? गाडीचा आवाज न्हाई आला."

मनगट सुटलं. कंदिलाचा उजेड मधल्या खांबापर्यंतच पोचत होता. खांबामागं पांढरा शर्ट दिसत होता. बाह्या दुमडलेल्या.

"टिपरू अडकलंय सायेब."

"टिपरू न्हाई. पिसाळलीय ती. लांब हो."

मल्हारी झटकन मागं सरला. चिरलेली बोटं त्यानं मुठीत मिटली. पण डॉक्टर आला म्हणजे पाणी द्यायचं, ही सवय. तो हौदावर गेला, बादली भरली, साबण घेतला, आणि खांबाजवळ नेऊन ठेवली.

"घ्या सायेब. हात धुवा."

शर्ट मागं सरला.

"बादली..."

"जी?"

"बादली... बाहेर ठेव."

एकेक शब्द घशातून ओढून काढलेला. बादलीतलं पाणी जरासं हललं. खांबामागं श्वास अडकला. पुन्हा अडकला. मल्हारीचं राखणीचं कुत्रं बाजेखाली मातीत तोंड खुपसून पडलं होतं, हूं नाही की चूं नाही.

मल्हारीनं तो आवाज ओळखला.

"डॉक्टर... तुमी तर..."

मल्हारीनं खांबाकडं निरखून पाहिलं.

"तुमी तर दोन वर्सांमागं..."

"बादली."

मल्हारीनं बादलीची कडी धरून घाईनं उचलली. पाणी हिंदकळलं. सांडलं. ओघळ निघाला... खांबाकडं.

खांबामागून आवाज आला. चंद्रीच्या ओरडण्यासारखा. पण माणसाचा.

पळावंसं वाटलं, हे मल्हारी लपवत नाही. दार चार पावलांवर होतं. पण त्याच माणसानं आत्ता त्याचा हात धरला होता. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली. ओघळावर टाकली. दोन्ही हातांनी दाबून धरली. डोळे मिटून. "पाणी न्हाई डॉक्टर... आता पाणी न्हाई... पाणी न्हाई..."

किती वेळ, त्याला माहीत नाही.

मग श्वास सुटला. लांब. अगदी कानाजवळ.

"सकाळी दवाखान्यात जा. समदी इंजेक्शनं घे. एक बी चुकवू नको."

कंदील विझला.

उजाडलं तेव्हा मल्हारी घोंगडीवरच हात दाबून बसला होता. नवे डॉक्टर आठ वाजता आले. रातीच्या प्रकाराबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी गाय लांबूनच पाहिली आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी चंद्री गेली. हाताला लाळ लागली होती म्हणून मल्हारीनं पाचही इंजेक्शनं घेतली, पाचव्याच्या दिवशी मीच त्याला सोबत नेलं. त्या रात्रीनंतर आठ दिवसांनी माहेराहून आलेल्या बानूबाईनं त्याच्या हातावर पाणी घातलं आणि तांब्या तिच्या हातातून पडला.

तुम्ही गेलात की बघा. त्याच्या उजव्या मनगटावर ना डाग आहे, ना व्रण. हात हौदात बुडवायला सांगा, पाहिजे तेवढा वेळ. बाहेर काढला की सगळा हात ओला असतो. फक्त मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा टेकावा, एवढी जागा कोरडी.