कपाटात पालीची अंडी

साहेब, वीज तुम्ही बंद करता. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. वर वेळापत्रक छापता, जणू आधी सांगून खिसा कापला तर ती चोरी होत नाही. अडीच तासांत असं काय बिघडतं, म्हणता. फार तर दूध नासतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅरित्झबर्गच्या एका गल्लीत तुमच्या अडीच तासांत एका बाईचं नाव नासलं. ते तीन पोरांनी निस्तरलं. तुम्ही नाही.

जुलैची सुट्टी लागून चार दिवस झाले होते. मूडलियारांच्या फाटकाशी नोम्वेलो आली ती हातात रिकामी पिशवी घेऊन. आईचा ॲप्रन, चहाचा मग आणि इस्त्रीला ठेवलेला चर्चचा लाल ब्लाऊज तिला न्यायचा होता. आई स्वतः येणार नव्हती.

तिची आई या घरात आठ वर्षं कामाला होती. तिचं नाव बुसिसिवे, पण घरातले तिला 'ब्यूटी' म्हणत, कारण तेवढं म्हणायला सोपं. दर सुट्टीत नोम्वेलो आईबरोबर यायची आणि मूडलियारांच्या कवेशन आणि लेरुष्काबरोबर दिवसभर धुडगूस घालायची. ती तेरा वर्षांची, कवेशन बारा, लेरुष्का नऊ.

गेल्या गुरुवारी हे घर चोरांनी फोडलं. नोम्वेलोची आई अलार्म लावून दहाला पाच कमी असताना बाहेर पडली. दहा ते साडेबारा भारनियमन होतं. तेवढ्यात कोणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरलं आणि टीव्ही, लॅपटॉप आणि मूडलियार आंटीच्या लग्नातल्या बांगड्या घेऊन गेलं. भोंगा वाजलाच नाही. मूडलियार अंकल एक वाजता घरी आले तेव्हा भिंतीवरच्या बटणांच्या पाटीवर हिरवा दिवा होता. हिरवा म्हणजे अलार्म लावलेलाच नाही. अंकलनी तिथल्या तिथे निकाल दिला. नोम्वेलोच्या आईचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, 'ब्यूटी. हिला कामावर ठेवू नका.' आडनाव नव्हतं, कारण ते कोणाला माहीतच नव्हतं. गल्लीतली दुसरी दोन घरं ती शनिवार-सोमवार करायची. त्यांनीही नको सांगितलं.

नोम्वेलो रडली नव्हती. दाढ काढताना गालात इंजेक्शन दिलं की गाल आपलाच आहे हे कळतं पण लागत नाही, तसं तिला गुरुवारपासून झालं होतं.

कवेशननं दार उघडलं. डॅडी-ममी दोघंही कामावर होते. काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं चहा घेतेस का असं विचारलं. ती नको म्हणाली. लेरुष्का तिच्या कमरेला मिठी मारून तशीच उभी राहिली.

पाटीतून आवाज आला. पीं. मिनिटानं परत पीं. कोपऱ्यात एक पिवळा दिवा लुकलुकत होता.

"ती आमची चिमणी," लेरुष्का म्हणाली. "वीज आली की ओरडते. मग हे बटण दाबायचं. डॅडी म्हणतात, लक्ष नाही द्यायचं."

नोम्वेलोनं विचारलं, कधीपासून ओरडते? कवेशन म्हणाला, ईस्टरपासून. कंपनीला फोन केला होता. त्यांचा माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. तीन महिने झाले. या गल्लीत कुठला ना कुठला भोंगा रोज वाजतो, आणि लोक चहाचा कप खालीसुद्धा ठेवत नाहीत. कोणाचा वाजला नाही तर ते कळणार कसं?

"पिवळा दिवा म्हणजे बॅटरी," नोम्वेलो म्हणाली. तिच्या घरी असल्या जुन्या बॅटरीवरच दिवे चालायचे, त्यामुळे बॅटरीचे नखरे तिला पाठ होते. "पेटी कुठेय?"

पेटी होती डॅडी-ममीच्या खोलीत, कपाटात, कोटांच्या मागे. पांढरी, पत्र्याची. कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं तिनं बजावलं. झाकण उघडल्यावर तळाशी विटेएवढी काळी बॅटरी दिसली. तिचं पोट फुगलं होतं. तिच्या कोपऱ्यांत मुंग्यांनी आणलेली लाल माती होती, आणि एका बाजूला दोन पांढरे, गोल, शेंगदाण्याएवढे दाणे चिकटले होते.

लेरुष्कानं नाक मुरडलं. "ईss, पालीची अंडी."

पण आत पाल आली कुठून? पेटी बंद, कपाट बंद, बॅटरी सोडून आत कुठे मातीचा कण नाही. दर महिन्याला नोम्वेलोची आईच ते कपाट पुसायची.

"पाल कोट घालून आली असेल," कवेशन म्हणाला. कोणी हसलं नाही. मग तोच हळू म्हणाला, "अशी अंडी मी एकाच ठिकाणी बघितलीत. फाटकाच्या मोटरमध्ये."

ते फाटकाकडे धावले. सरकत्या फाटकाच्या मोटरचं झाकण उचलल्यावर आत मुंग्यांचं वारूळ आणि पालीची शेपटी दिसली. आणि त्या घाणीत एक नवीकोरी स्वच्छ बॅटरी होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर पेननं लिहिलं होतं, 'अलार्म पेटी, फेब्रुवारी.'

दोन्हींना एकाच मापाची बॅटरी लागते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कोणीतरी अदलाबदल केली होती.

कवेशन फाटकाला टेकून खाली बसला. त्याला ईस्टर आठवला. वीज गेली होती, फाटक उघडेना, आणि डॅडी गाडीतून उतरून ते हातानं ढकलत होते. मागच्या सीटवरून त्यानं ते अर्धवट झोपेत बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून फाटक भारनियमनातही लोण्यासारखं सरकायला लागलं. डॅडी शेजाऱ्यांना सांगत सुटले होते, आमची गाडी फाटकाबाहेर एक सेकंद थांबत नाही. फाटकाबाहेर थांबलेल्या गाड्या इथे बंदूक दाखवून पळवतात.

"आत्ताच डॅडींना फोन करतो."

"नको," नोम्वेलो म्हणाली. "म्हणतील, असेल बॅटरी खराब, पण तुझ्या आईनं अलार्म लावलाच नव्हता. आधी यंत्र काय करतं ते दाखवायला पाहिजे."

फ्रीजवरच्या वेळापत्रकात पुढचं भारनियमन दोन ते साडेचार होतं. दोनला पाच कमी असताना कवेशननं अलार्म लावला. मनगटावरचं घड्याळ लाल दिव्याशेजारी धरून फोनवर चित्रण केलं. मग तिघंही व्हरांड्यात येऊन काचेतून पाटीकडे बघत बसले.

दोन वाजता गल्लीतले सगळे फ्रीज एकदम गप्प झाले. पाटी अजून लाल होती. तीन मिनिटं झाली, चार झाली. पाचव्या मिनिटाला लाल दिवा पिवळट पडला, सहाव्याला विझला.

फुटलेल्या खिडकीला अजून नुसता पुठ्ठा लावलेला होता. लेरुष्का तो सरकवून आत शिरली. कोपऱ्यातल्या, हालचाल ओळखणाऱ्या पहारेकरी डोळ्यासमोर उभी राहून तिनं जीभ काढली, नाचली, आणि साखरेचा डबा उचलून आली तशी बाहेर गेली. काहीही वाजलं नाही. अलार्म कंपनीची बंदूकवाली गाडी आली नाही. कवेशन सगळं टिपत होता.

साडेचारला वीज आली. पाटी जागी झाली, एकदा चिवचिवली, आणि हिरवी होऊन बसली, जणू दुपारी कोणी तिला काही सांगितलंच नव्हतं. कवेशननं तेही घड्याळासकट टिपलं.

नोम्वेलोनं ते नुसतं बघितलं. गुरुवारी असंच झालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

पाच वाजता फाटक झपकन सरकलं आणि अंकल-आंटी आले. अंकलनी पाटी बघितली, टेबल बघितलं. साखरेचा डबा नव्हता.

"कवेशन, वीज जायच्या आधी अलार्म लाव, असं मी फोनवर सांगितलं होतं ना? दुपारी अलार्म लावला होतास?"

"लावला होता, डॅडी."

"मग हिरवा कसा? यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

दारामागून लेरुष्का डबा घेऊन पुढे आली. "ब्यूटी आंटीला पण तुम्ही हेच म्हणालात. असंच बोट दाखवून."

कवेशननं फोन पुढे धरला. अंकलनी ते चित्रण दोनदा बघितलं. मग पोरांनी त्यांना कपाटातली अंडी दाखवली आणि फाटकातली चिठ्ठी. ते तिथेच, मोटरपाशी, उकिडवे बसले.

"त्या दिवशी मागे एक पांढरी गाडी येऊन थांबली होती," ते म्हणाले. "दिवे बंद करून. तुम्ही दोघं मागच्या सीटवर झोपला होता. मी फाटक ढकलतोय आणि ते हलत नाहीये. नवी बॅटरी दुकानात नव्हती. म्हटलं, अलार्मचीच चार दिवस घालू इथे." त्यांनी हात झटकले. "मग विसरलो."

आंटी सांगत सुटल्या की पोलिसांनासुद्धा हे सुचलं नसतं. अंकल उठले. पोरं माझ्यापेक्षा हुशार निघाली म्हणाले, नोम्वेलोच्या डोक्यावरून हात फिरवला, तू इंजिनिअर होणार म्हणाले, समोसे आणा म्हणाले. आणि म्हणाले, "आईला सांग, उद्यापासून ये. माझ्या मनात आता काही नाही."

नोम्वेलोनं पिशवी उघडली. ॲप्रन आत घातला, नंतर चहाचा मग, त्यावर लाल ब्लाऊज घडी करून. समोशाला हात लावला नाही. गालातलं इंजेक्शन उतरायला लागलं की आधी ठणका येतो, तसा तिला आता येत होता.

"अंकल, माझ्या आईचं नाव बुसिसिवे. आडनाव न्गकोबो. तिचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकलात. एकशे चाळीस जणांनी बघितला." तिनं फाटकातल्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "हिचा कधी टाकताय? खाली काय लिहिणार? मी इथेच उभी आहे. सांगा."