खालचा टोला

कारंजा लाडमध्ये लोखंडी शेड उभी करायची म्हटलं की लोक जमशेद मिस्त्रीचं नाव घेतात. पाडायची म्हटली तरी त्याचंच घेतात, कारण ज्यानं उभी केली त्यालाच ठाऊक, कुठला बोल्ट आधी काढायचा. इंझोरी रस्त्यावरची खेमचंदसेठची कापसातून सरकी काढायची जुनी जिनिंग विकली गेली, तेव्हा सेठनं स्वतः फोन केला. "तुमीच चढवली होती, तुमीच उतरवा." जमशेद हो म्हणाला खरा, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

ती शेड त्याच्या ऐन उमेदीतली. तो आणि रामधन, अशी जोडी होती. रामधन वर, जमशेद खाली. क्रेन कुठली त्या काळी! चैनपुली, दोरखंड आणि मनगटातला जोर, एवढंच भांडवल. छपराचा भार पेलणारी ती लोखंडी कैची वर चढली, की रामधन तिच्यावरून आपल्या ओसरीवर हिंडावं तसा हिंडायचा. वर बसून बेसूर गाणी म्हणायचा. रस्त्यानं जाणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या आणि जमशेद खालून शिव्या हासडायचा. दुपारी एकाच डब्यात दोघांचे हात. पोटात भूक आणि अंगात मस्ती असण्याचे ते दिवस, आठवले की जमशेदचं अजूनही काळीज भरून येतं.

उंचावर वाऱ्यात हाक विरून जाते. म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. वरच्यानं खांबावर पान्यानं एक टोला हाणला, की 'झालं, उतरू का?' खालच्यानं तीन हाणले, की 'उतर'. ते तीन आल्याशिवाय वरच्यानं पाऊल हलवायचं नाही, कारण खाली कुठलं ओझं लटकतंय हे त्याला दिसत नाही. आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत, पण जमशेदच्या टोळीत अजून टोलेच चालतात. गडी हसतात, पण पाळतात.

पुढे एका उन्हाळ्यात, ऐन जवानीतच, पत्रे बदलायला रामधन त्याच शेडवर चढला आणि मधल्या कैचीवर बसल्या बसल्या गेला. पडला नाही, कमरेच्या पट्ट्यात तसाच बसून राहिला. त्याचा एक टोला जमशेदनं ऐकला होता. तीन मारायला पाना उचलला, तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं. मग पळापळ, दोर, रडारड. त्याला खाली आणलं, पण टोले मारायचे राहून गेले. त्याचं काय एवढं, असं कुणीही म्हणेल. जमशेदही मनाला तेच सांगत आला होता.

पौषातली ती सकाळ. धुकं इतकं दाट, की खांबाचा वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता. शेडचे पत्रे उतरवून झाले होते, नुसत्या कैच्या उरल्या होत्या. क्रेन धनजहून निघून वाटेतच कुठंतरी खोळंबली होती, आणि गडी नाक्यावर चहाला गेले होते. जमशेदचा थोरला मुलगा हसनैन मात्र थांबायला तयार नव्हता. क्रेन येईपर्यंत मधल्या कैचीचे बोल्ट ढिले करून ठेवतो, म्हणाला. घरात बापलेक उर्दू बोलत, कामावर वऱ्हाडी.

"पट्टा लावला का बे?"

"लावला, अब्बा. तुमी शेकत बसा."

शिडी चढत तो धुक्यात दिसेनासा झाला. जमशेदनं खांबाच्या बुडाशी काटक्या पेटवल्या. जुन्या सरकीचा खवट वास जमिनीतून वर येत होता. तोच तो वास... जमशेदला वाटलं, आता वरून ते बेसूर गाणं ऐकू येणार.

गाणं नाही आलं. टोला आला. एक.

इतक्यात झालं? जमशेदनं सवयीनं पाना उचलला आणि खांबावर तीन टोले हाणले. शिडी कुरकुरली. हसनैनचं निळं स्वेटर, कानटोपी, सगळं धुक्यातून खाली उतरलं आणि शेकोटीपाशी उकिडवं बसलं.

"लई थंडी हाय. बिडी काढ, जमशेद्या."

जमशेदचा हात खिशात गेला, बिडी बाहेर आली, शिलगलीसुद्धा. मग त्याच्या ध्यानात आलं. बापाकडं बिडी मागणारा त्याचा पोरगा नव्हे. आणि 'जमशेद्या' म्हणणारा माणूस जगात एकच झाला होता... शेजारच्या चेहऱ्याकडं बघायची त्याची छाती होईना.

"धनजचं गोदाम आठवते? खांबाचं तोंड उलटं, रस्त्याकडं करून ठेवलं होतं तुनं."

"अन् मालक यायच्या आधी... पहाटं फिरवला आपन," जमशेद पुटपुटला. ते दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. भीती वाटत होती, पण तिच्यापेक्षा बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला.

तेव्हा वरून टोला आला. एक.

जमशेदनं मान वर केली. "वर... कोन हाय?"

"असंन कोनी. राहू दे न. आत्ता तं बसलो."

पुन्हा एक. या खेपेला घाईचा. आणि त्यामागून लोखंडाची एक लांब कुरकुर. कैचीचे बोल्ट ढिले झाले होते, क्रेनचा आधार नव्हता, आणि वारा सुटला होता. हसनैन तीन टोल्यांशिवाय उतरणार नव्हता. बापानंच तसं शिकवलं होतं. तरी एक क्षण, फक्त एकच क्षण, जमशेदला वाटलं, राहू दे. अजून दोन गोष्टी होऊ देत.

मग तो ताडकन उठला. मनगटावर हात पडला, पौषातल्या लोखंडासारखा गार.

"मले कोनी बोलावलंच नाही, जमशेद्या... इतके साल."

"आज बोलावलं न, राजा," जमशेद रडत म्हणाला. "आता पोराले येऊ दे."

हात सुटला. जमशेदनं जीव खाऊन तीन टोले हाणले. हसनैन शिडीवरून घसरतच खाली आला. त्याला ओढून जमशेद जेमतेम बाहेर पळाला, तोच मधली कैची खांबावरून निसटली आणि शेकोटीवर कोसळली.

धुरळा बसला.

"पह्यले तीन कायले मारले, अब्बा? मी तं टोला मारलाच नव्हता. अन् मंग मी मारून राह्यलो, तं तुमी चूप!"

हसनैनचे दात वाजत होते.

"शिडीवर एक जन भेटला... माह्याच वयाचा. वर चालला होता. मी म्हटलं, भाऊ, कैची पडून राह्यली. तं हसला. म्हने, बापाले सांग, आता मी नाही उतरत. तोच येईन वर, माह्याकडं."

जमशेदनं वर पाहिलं. नुसते खांब, आणि धुकं. त्यानं पोराचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं,

"अजून... अजून काय म्हने?"