ढवळायचं नाही

शीतखोलीचं जाड दार तिनं ओढलं, तर आत लोण्याच्या खोक्यांमध्ये एक अनोळखी तरुण पाच लिटरचा डबा छातीशी धरून कुडकुडत उभा!

"कोण हो तुम्ही?"

"ते... तेलवाला," दातांवर दात आपटत तो म्हणाला. "गारठ्यात तेल थिजतं का, बघत होतो."

"मग?"

"तेल आहे तसंच आहे. मी थिजलो."

खरं म्हणजे तिनं रागवायला हवं होतं. डेअरीची प्रयोगशाळा तिच्या ताब्यात होती आणि परक्यानं शीतखोलीत पाऊल टाकायची सोय नव्हती. पण हसू फुटलं ते फुटलंच, आणि तिनं अंगातला जाड कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला.

तो होता तेलगिरणीचा रसायनतज्ज्ञ. गिरणी त्याच्या दादाची. गिरणी आणि डेअरी मिळून एक नवं लोणी करणार होत्या, फ्रीजमधून काढल्याबरोबर पावावर मऊ पसरेल असं. त्यासाठी आधी पातळ तेल घट्ट करायचं, आणि तेही तांदळाच्या कोंड्यातून काढलेल्या मेणानं. मग ते लोण्यात मिसळायचं. शंभर ग्रॅम तेलाला मेण जेमतेम पाच ग्रॅम.

"एवढंसं मेण एवढ्या तेलाला धरून ठेवणार?" तिनं भुवई उंचावली. "थापा मारताय!"

"मारत असेन तर आयुष्यभर कोरडी पोळी खाईन." तो डोळे मिचकावत म्हणाला. "आधी गरम तेलात मेण विरघळवायचं... आणि मग शांत बसायचं."

दादानं त्याला बजावलं होतं, जमेपर्यंत तिथंच राहा आणि जमलं की त्याच दिवशी परत ये.

जमत मात्र नव्हतं. काचेच्या छोट्या नळीत तेल झकास थिजे, डेअरीच्या मोठ्या टाकीत त्याचा नुसता लगदा होई. त्यानं मेण बदललं, तापमान बदललं, झोप उडवून घेतली. चार वर्षं तो या एका कल्पनेच्या मागे हात धुऊन लागला होता. ती रोज त्याच्या शेजारी उभी राहून नोंदी घेई, त्याची चेष्टा करी, आणि घरी गेल्यावर त्याचंच बोलणं आठवत बसे. असं यापूर्वी तिला कुणाबद्दलच झालं नव्हतं.

मंगळवारी तिला चूक सापडली... तिच्याच हातात!

डेअरीची एक जुनी रीत होती. टाकीजवळून जाणाऱ्यानं दांडा धरून एक फेरा ढवळायचं, म्हणजे दुधावर साय धरत नाही. तिच्या बाबांनी, इथल्या मुकादमांनी, तिला ती लहानपणीच लावली होती. मंगळवारी तेलाच्या टाकीशेजारून जाताना तिचा हात आपसूक दांड्यावर गेला, एक फेरा झाला, आणि मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. म्हणजे रोज आपणच...?

सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तेल थिजणार, आणि तेल थिजलं की तो जाणार. ती दोन दिवस गप्प राहिली आणि दोन्ही दिवस तिला घास गोड लागला नाही.

गुरुवारी सकाळी तो दादाला निरोप लिहीत बसलेला दिसला. 'माझी कल्पनाच चुकीची होती,' एवढं लिहून झालं होतं.

"पुसा ते!" ती ओरडलीच. "कल्पना बरोबर आहे. मी ढवळते. जाता-येता, सवयीनं... मंगळवारीच कळलं मला."

"मंगळवारी? मग बोलला का नाहीत?"

"कारण... जमलं असतं तर तुम्ही गेला असता."

तो उठला, टाकीत ताजं गरम तेल सोडलं, मेण घातलं, आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"हा आता माझ्या ताब्यात. याचा भरवसा नाही."

टाकीतला एक थेंब त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिनं डोळा लावला. सगळा काळोख. मग त्या काळोखात चांदीची एक सुई उगवली, तिच्याशेजारी दुसरी, मग शेकडो... एकमेकींना टेकत, अडकत, गुंफत. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. इतकी वर्षं दूध-लोण्यात काढूनही असलं काही तिनं पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"हे रोज होत होतं?" तिनं हळूच विचारलं.

"रोज. आणि आपण रोज मोडत होतो."

तेवढ्यात बाबा आत आले. रीतीप्रमाणे त्यांचा हात दांड्याकडे गेला.

"बाबा, नको!" दोघं एकदमच किंचाळली.

बाबांनी हात मागे घेतला आणि मग त्यांची नजर त्या दोघांच्या हातांकडे गेली. "काय चाललंय?"

"तेल थिजतंय," ती म्हणाली.

"दिसतंय," म्हणत बाबा आल्या पावली परत गेले.

दुपारी त्यानं टाकीतून भांडंभर तेल काढलं आणि भांडं उपडं केलं. थेंबसुद्धा सांडला नाही. त्यानं लगेच दादाला फोन लावला.

"दादा, जमलं! ...हो, अगदी घट्ट. ...नाही, आज निघत नाही. तेल तू टँकरनं पाठव, पुढचं काम मी इथूनच बघतो. ...किती दिवस?"

फोनवर तळवा ठेवून तो तिच्याकडे वळला. कान लाल झाले होते.

"किती दिवस म्हणून सांगू?"

तिनं एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"सांग त्यांना... मोजू नका म्हणावं."