वाटाण्याएवढी पेस्ट

“वहिनी, पेस्ट वाटाण्याएवढीच. भिंतीला गिलावा करताय अशी थापू नका.”

भावजींचा हा शब्द घरातल्या थोरल्या सुनेनं शिरसावंद्य मानला होता. धाकट्या दिराचं संगणक दुरुस्तीचं दुकान. सुटे भाग त्यानंच निवडून धाडले आणि फोनवरून सांगत सांगत तिच्याकडून जोडून घेतले. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर; त्याच्यावर उष्णता ओढून घेणारी थोडीशी करडी पेस्ट, तिच्यावर त्याला गार ठेवणारा कूलर, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे. पडदा उजळला तेव्हा तिला आपलंच कौतुक वाटलं.

त्या यंत्रावर सगळी मदार होती. ती घरूनच इमारतींचे नकाशे आणि चित्रं करायची. नवरा परगावी नोकरीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. काम वेळेवर आलं नाही तर ऑफिसात येऊन बसा, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि ती ऑफिसला गेली की सासूबाईंची रवानगी शुश्रूषा केंद्रात. केंद्राचं नाव निघालं तरी म्हातारी पांघरुणात तोंड खुपसायची.

यंत्राला पहिलंच मोठं चित्र तयार करायला लावलं आणि प्रोसेसरचं तापमान बघता बघता नव्वदीपार गेलं. पंखे किंचाळले. यंत्र बंद पडलं.

“कूलरच्या तळाचं प्लास्टिक सोललंत ना?” भावजी फोनवर म्हणाले. “भलेभले विसरतात.”

“सोललं हो. हे काय, केराच्या टोपलीत पडलंय.”

“मग उघडा पुन्हा.”

कूलर उचलताना ‘चिक’ असा ओला आवाज झाला. पेस्ट पिवळट पडली होती. लावली त्याच्या कितीतरी पट झाली होती, कडांवरून ओघळली होती, आणि कूलरबरोबर तिच्या तारा निघत होत्या. मग वास आला. तो तिला चांगलाच ओळखीचा होता. पडून पडून सासूबाईंच्या पाठीला जखम झाली होती. रोज सकाळी पट्टी सोडली की असाच गोडसर, नासका वास उठायचा. सेवा करताना नाक मुरडायचं नाही, हा तिचा नेम. पण यंत्रापुढे कसला नेम? ती तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली. आपल्याच हाताला वास राहिला असेल, असं म्हणत कोपरापर्यंत साबण चोळला.

स्पिरिटनं सगळं पुसून नवी पेस्ट लावली. त्या दिवशी यंत्र कसं थंडगार चाललं. चित्र पुरं झालं, साहेबांकडे गेलंही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी त्या लगद्यात एक लांब पांढरा केस अडकलेला होता. तिनं तो चिमटीनं ओढला. तो सुटला नाही. मुळाशी धरून ठेवल्यासारखा ताणला गेला.

दुपारी भावजी स्वतःच आले.

“वहिनी, अहो यात कालवलंत तरी काय?” ते हसत हसत वाकले, आणि त्यांचं हसू तिथंच विरलं. “बंद कधी केलंत हे?”

“सकाळीच. वायरसुद्धा काढून ठेवलीय.”

“कोमट आहे अजून.”

त्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि कापडानं पुसायला घेतलं. प्रोसेसरचा चौकोनी धातू दिसू लागला, तो कुठल्या बाजूनं बसवायचा हे दाखवणारा कोपऱ्यातला इवलासा त्रिकोण दिसला. एक कड चिकटून बसली होती. ती त्यांनी नखानं खरवडली.

“हळू रे,” पलीकडच्या खोलीतून सासूबाई कण्हल्या. “तिथं दुखतंय.”

मधलं दार लावलेलं होतं.

भावजींनी कापड खाली टाकलं. किती तरी वेळ मोरीत पाणी वाहत राहिलं. बाहेर आले तेव्हा त्यांची बोटं लालबुंद झाली होती.

“मी याला पुन्हा हात लावणार नाही, वहिनी. टाकून द्या हे. आईला केंद्रात ठेवू.”

चहासाठीही ते थांबले नाहीत.

ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांना कुशीवर वळवलं, श्वास रोखून पट्टी सोडली.

पट्टी कोरडी होती.

वास नव्हता. महिनोन्‌महिने वाहणारी ती जखम आक्रसली होती. तिच्या कडा सरळ झाल्या होत्या, चारही. एका कोपऱ्यात इवलासा त्रिकोण उमटला होता.

 

“आज पाठ कशी हलकी वाटतेय गं,” सासूबाई म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज इतका मोकळा नव्हता. “पण तिकडे साचलं की आग होते. धाकटा खसाखसा पुसतो. तू पूस. तुझा हात मऊ आहे.”

थोरलीनं कोरडी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

“रोज पुसशील ना? मला त्या केंद्रात नाही ना धाडणार?”

“नाही धाडणार, आई.” मग जरा थांबून, “पुसेन. रोज.”

तिनं त्यांच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. वाडग्यात कोमट पाणी घेतलं, कापसाचे बोळे घेतले, आणि यंत्रापुढे मांडी घालून बसली.

गार हात लागून दचकायला होऊ नये, म्हणून तिनं आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणली.