रेडिएटरवरची ताडपत्री

"तुमच्या ओळखीच्यांनाच बरी भुतं भेटतात, काका," धाकटी पुतणी म्हणाली. काकांनी तिकडे लक्ष दिले नाही. वीज गेलेली होती, मुले रजयांत गुरफटून बसली होती, आणि काका आपल्या मित्राची, रुग्णालयाचा जनरेटर सांभाळणाऱ्या मिस्त्रीची, हकिकत सांगू लागले.

यंदाच्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्री वीज गेली, तसा मिस्त्री नेहमीप्रमाणे मागच्या आवारातल्या जनरेटरच्या खोलीत गेला. वर काचेच्या पेटीत त्याची अपुऱ्या दिवसांची नात होती. पेटीतली ऊब विजेवर, आणि वीज आता या इंजिनावर.

कडाक्याच्या थंडीत इंजिन लवकर तापत नाही. गार इंजिन धूर ओकते, भार पडताच धापा टाकते. म्हणून रेडिएटरपुढे ताडपत्री बांधायची आणि तापमानाचा काटा वर चढला की आठवणीने सोडायची, नाहीतर इंजिन अति तापून बंद पडते. हे त्याला उस्तादांनी, त्याच्या आधी हा जनरेटर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने, शिकवलेले. उतारवयात उस्ताद बांधायला कधी चुकत नसत, सोडायचे तेवढे विसरत. गेल्या हिवाळ्यात ते याच खोलीत गारठून गेले.

मिस्त्रीने ताडपत्री बांधली. काटा चढल्यावर ती सोडून कोपऱ्यात टाकली आणि डिझेलचा डबा आणायला तो बाहेर गेला.

परतला, तेव्हा ताडपत्री बांधलेली होती.

आपणच विसरलो असू, अशी त्याने मनाची समजूत घातली. सोडली. दाराबाहेर फेकली. कडी लावली. वळला...

बांधलेली होती. गाठ उस्तादांची. डावखुरी.

काटा लाल पट्टीत शिरला. इंजिन घुसमटू लागले. दिवा मिणमिणला. त्याने गाठीला हात घातला... तिथे आधीच कुणाचा तरी हात होता. थंडगार.

"गारठलंय रे ते..." इंजिनामागून आवाज आला.

मिस्त्री कसाबसा बोलला, "उस्ताद, ते नाही गारठलं. वर माझी नात आहे. हे बंद पडलं, तर ती गारठेल."

इंजिन घुसमटतच राहिले...

मग गाठ सुटली. काटा उतरला. खोलीत आता कुणीही नव्हते. उस्ताद कुठे गेले असतील, हे मनात येताच तो जिन्याकडे धावला.

नात शांत झोपली होती. अंग उबदार. पेटी रात्रभर उघडलीच नाही, असे सिस्टर सांगत होत्या. काचेवरचा काळ्या तेलाचा पंजा मात्र कितीही पुसला तरी जात नव्हता.

मिस्त्रीने बोट लावून पाहिले.

पंजा आतल्या बाजूने होता...